रोटरी इंजिनाची स्पोर्ट्स कार प्रत्यक्षात किती ॲव्हरेज देते?

वाचकांचे प्रश्न : वाहन आणि इंधन

माझदा कंपनीच्या आरएक्स-७ आणि आरएक्स-८ या रोटरी इंजिनाच्या, म्हणजे पिस्टनऐवजी फिरणारा रोटर असलेल्या, गाड्यांविषयी आलेली बहुतेक पत्रे एकाच मुद्द्याभोवती फिरतात. कागदावरचा आकडा, विकणाऱ्याने सांगितलेला आकडा आणि पंपावर दिसणारा आकडा यांचा मेळ का बसत नाही, हा तो मुद्दा. म्हणून ही पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. परदेशातील वाचक मैल आणि गॅलन यांत लिहितात, त्यामुळे जेथे जमेल तेथे आपल्या सवयीचे किलोमीटर-प्रतिलिटर हे मापही सोबत दिले आहे.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. २००५ची, सहा गिअरची आरएक्स-८ घेण्याचे मनात आहे. गाडी गॅलनला २४ मैल देते, असे विकणारे गृहस्थ सांगतात. सरकारी तक्त्यात तिच्यासमोर १८ लिहिले आहे, आणि हीच गाडी वापरणारे आमच्या ओळखीचे एक जण १५च्या वर कधी गेली नाही म्हणतात. मला रोज स्टेशनपर्यंत सहा मैल जायचे आणि तेवढेच परत यायचे असते. यांतले खरे काय मानावे?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : तिन्ही आकड्यांना आधार आहे, मात्र आपला रोजचा प्रवास पाहता आपला संबंध तिसऱ्याच आकड्याशी येणार आहे. विकणाऱ्यांनी सांगितलेले २४ मैल हे जुन्या लेबलवरचे फक्त महामार्गाचे माप आहे. त्याच लेबलवर शहरासाठी १८ मैल छापलेले होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८च्या मॉडेलांपासून मोजणीची पद्धत बदलली, जास्त वेग, चालू एसी आणि थंड हवामान यांचा हिशेब तीत धरला आणि आधीच्या गाड्यांचे आकडेही त्याच पद्धतीने पुन्हा काढले. तेव्हा या गाडीच्या वाट्याला शहरात १६, महामार्गावर २२ आणि एकत्रित १८ मैल आले. आपल्या हिशेबात हे लिटरला अनुक्रमे सुमारे ६.८, ९.३ आणि ७.७ किलोमीटर होतात.

आता आपल्या सहा मैलांचा विचार करू. कोणतेही इंजिन थंड असताना जादा पेट्रोल घेते, पण रोटरीत हा फरक अधिक जाणवतो, कारण तिच्या ज्वलनकक्षाच्या भिंतींचा पसारा मोठा असतो आणि त्या तापेपर्यंत मिश्रणातले बरेचसे पेट्रोल अर्धवट जळून बाहेर पडते. त्यातच थंडीत सुरू केल्यावर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून ही गाडी काही काळ मुद्दाम चढ्या आयडलवर (उभ्या गाडीतल्या इंजिनाच्या वेगावर) चालते. सहा मैलांत इंजिन जेमतेम तापते न तापते तोच आपण स्टेशनवर पोहोचलेले असाल, आणि संध्याकाळी तेच पुन्हा पहिल्यापासून. अशा वापरात १४-१५ मैल, म्हणजे लिटरला सहा किलोमीटरच्या आसपास, हेच धरून चालावे.

पैशांचा हिशेब मात्र वाटतो तेवढा भयंकर नाही. रोजचे १२ मैल आणि वर्षातले २४० कामाचे दिवस धरले तर २,८८० मैल होतात. गॅलनला १५ मैलांप्रमाणे १९२ गॅलन लागतील. ३० मैल देणाऱ्या एखाद्या साध्या सेडानला ९६ लागतील. वर्षाला शंभरेक गॅलनांचा हा फरक ज्याला ही गाडी मनापासून हवी आहे त्याला परवडू शकतो. फक्त हिला प्रीमियम पेट्रोल लागते, हे गणितात धरावे. माझी काळजी वेगळी आहे. हे इंजिन रोटरच्या कडांवरच्या सील (दाब अडवणाऱ्या पट्ट्या) आणि भिंत यांच्यामध्ये वंगण राहावे म्हणून आपले आपण थोडे थोडे ऑईल जाळते. ते वारंवार थंड अवस्थेत चालवले की काजळी साचते, आणि सुरू करून लगेच बंद केले तर आत कच्चे पेट्रोल साचून पुन्हा सुरू होण्यास नकार देते. गॅरेजमधून गाडी चार पावले पुढे घेऊन बंद करणे, हा या गाडीच्या बाबतीत टाळण्याचा प्रकार आहे. आठवड्यातून एकदा तरी तिला महामार्गावर नेऊन, पुरती तापल्यावर वरच्या आरपीएमपर्यंत (इंजिनाचे मिनिटाला फेरे) चालवण्याची आपली तयारी असेल तर घ्यावी. स्टेशनखेरीज तिला दुसरे काम नसेल तर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मी पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षात आहे. आपल्याकडच्या १.२ लिटरच्या छोट्या गाड्या एआरएआयच्या चाचणीत लिटरला २० किलोमीटरच्या पुढे जातात. मग १.३ लिटरची आरएक्स-८ सात-आठावर का अडकते? वजनाने तर ती फार भारी नाही.
— एक विद्यार्थी, कोथरूड

उत्तर : आपल्या प्रश्नातला '१.३ लिटर' हा आकडाच आधी तपासायला हवा. तो खोटा नाही, पण पिस्टन इंजिनाच्या आकड्याशेजारी ठेवला की फसवतो.

रोटरीत पिस्टनच्या जागी तीन बाजूंचा रोटर असतो. त्याच्या तिन्ही बाजूंवर एकाच वेळी वेगवेगळ्या क्रिया चालू असतात; एका बाजूला मिश्रण आत येत असते, दुसरीकडे ते दाबले जात असते किंवा पेटलेले असते, तिसरीकडून धूर बाहेर जात असतो. रोटर एकदा फिरतो तेव्हा मुख्य शाफ्ट तीनदा फिरतो. म्हणजे शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक रोटर एक कक्ष भरून मिश्रण आत घेतो. आरएक्स-८ मध्ये असा कक्ष ६५४ सीसीचा आणि रोटर दोन, तेव्हा फेऱ्यामागे १,३०८ सीसी झाले. चार स्ट्रोकच्या पिस्टन इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच श्वास घेतो, म्हणून १,३०८ सीसीचे पिस्टन इंजिन एका फेऱ्यात ६५४ सीसीच घेईल. हवा-पेट्रोल ओढण्याच्या दृष्टीने रोटरीची बरोबरी २.६ लिटरच्या पिस्टन इंजिनाशी होते, आणि तुलना करायची तर त्याच्याशीच करावी. जपानमध्ये वाहनकरासाठी रोटरीची क्षमता दीडपट धरतात, यावरून हा गोंधळ तिथल्या सरकारलाही सोडवावा लागला, हे दिसते.

इथपर्यंतचे गणित बहुतेक पुस्तकांत सापडते, पण त्याने आपले पूर्ण समाधान होऊ नये. त्याच काळातली साडेतीन लिटरची निसान ३५०झेड अमेरिकेच्या चाचणीत आरएक्स-८ पेक्षा थोडे अधिकच ॲव्हरेज देत होती. तेव्हा २.६ लिटर मान्य करूनही रोटरी जास्तच पिते, आणि त्याचे मूळ ज्वलनकक्षाच्या आकारात आहे.

आरएक्स-८ चे इंजिन ज्या १३बी जातीचे आहे, तिच्या रोटरची एक बाजू टोकापासून टोकापर्यंत सुमारे १८ सेंटिमीटर लांब आणि ८ सेंटिमीटर रुंद असते. मिश्रण पेटते त्या क्षणी ते या बाजूवर एका लांबट, पातळ थराच्या रूपात पसरलेले असते. कपातला चहा बशीत ओतला की लगेच निवतो, तसेच येथे होते; आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग फार मोठा असल्याने ज्वाळेची उष्णता रोटरला ढकलण्याआधीच भिंतींत शिरते आणि तेथून कूलंट आणि ऑईलबरोबर निघून जाते. भिंतीला लागून असलेला मिश्रणाचा थर तर थंड पडून पेटतच नाही. शिवाय हा कक्ष एका जागी उभा नसतो. तो पुढे सरकत असतो आणि ज्वाळेला त्याच्या मागच्या टोकाकडे, प्रवाहाच्या विरुद्ध, जावे लागते. यासाठीच प्रत्येक रोटरला दोन स्पार्क प्लग देतात, तरी मागच्या कोपऱ्यातले थोडे मिश्रण न जळता राहतेच. ज्वलन लांबल्यामुळे जी उष्णता शाफ्टला मिळायची ती एक्झॉस्टमधून बाहेर पडते. रोटरीचा एक्झॉस्ट एवढा तापतो तो याच कारणाने.

तिसरे कारण गळतीचे. रोटरच्या तीन टोकांना एपेक्स सील असतात, बाजूंना आणि कोपऱ्यांना आणखी सील असतात, आणि त्यांच्या फटींतून दाब थोडा थोडा निसटतो. जितका वेग कमी, तितका निसटायला वेळ जास्त. त्यामुळे ट्रॅफिकमध्ये रांगत जाणारी रोटरी आपल्या सर्वांत वाईट रूपात असते. जुन्या इंजिनांत एक्झॉस्टचे तोंड हाउसिंगच्या, म्हणजे रोटरभोवतीच्या कवचाच्या, परिघावर असल्याने आत येणारे आणि बाहेर जाणारे वायू काही क्षण एकमेकांत मिसळत, आणि आयडलवर इंजिन बंद पडू नये म्हणून मिश्रण दाट ठेवावे लागे. आरएक्स-८ च्या रेनेसिस इंजिनात हे तोंड बाजूच्या भिंतीत नेले. त्याने वायूंची ती सरमिसळ थांबली आणि आयडलची भूक बरीच कमी झाली. कक्षाचा आकार मात्र तोच राहिला.

वजनाचा आपला मुद्दा शहरातल्या थांब-चाल प्रवासात खरा आहे. पण महामार्गावर आणखी एक गोष्ट आड येते : ताशी १०० किलोमीटरला सहाव्या गिअरमध्येही या गाडीचे इंजिन सुमारे ३,००० आरपीएमवर फिरत असते. खालच्या आरपीएमला रोटरीत जोर कमी, म्हणून गिअरिंग तसे ठेवावे लागले. वर्गात कधी संधी मिळाली तर पी-व्ही (दाब-आकारमान) आकृती काढून ज्वलन लांबल्याचा परिणाम स्वतः पाहावा; पाठ्यपुस्तकातल्या आदर्श चक्रापासून प्रत्यक्ष इंजिन किती दूर जाते, ते त्याहून चांगले दुसऱ्या कशात क्वचितच दिसेल.

प्रश्न : १९७३च्या तेलटंचाईत रोटरी इंजिनामुळे माझदा बुडता बुडता वाचली, असे ऐकले. एवढा मोठा परिणाम खरोखर झाला होता का?
— एक ज्येष्ठ वाचक, नाशिक

उत्तर : झाला होता. जर्मनीतील एनएसयू कंपनीत फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतून हे इंजिन आकाराला आले, १९५७ मध्ये त्याचा पहिला नमुना चालला आणि १९६१ मध्ये माझदाने परवाना घेतला. केनिची यामामोतो यांच्या हाताखालच्या तरुण अभियंत्यांनी सीलमुळे हाउसिंगवर उठणाऱ्या ओरखड्यांचा प्रश्न सोडवला आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. सत्तरीच्या आरंभी अमेरिकेत माझदाच्या रोटरी गाड्या जोरात खपत होत्या.

त्या यशातच पुढच्या अडचणीचे बीज होते. अमेरिकेचे धुराचे नियम पाळण्यासाठी माझदाने थर्मल रिॲक्टर वापरला, ज्यात न जळलेले पेट्रोल इंजिनाबाहेर जाळून टाकले जाई. आणि तो पेटता राहावा म्हणून मिश्रण दाट ठेवावे लागे. म्हणजे हवा स्वच्छ ठेवण्याची किंमत पेट्रोलमध्ये मोजली जात होती. सरकारी चाचणीत या गाड्यांना शहरात गॅलनला जेमतेम १०-११ मैल, म्हणजे लिटरला साडेचार किलोमीटर, असा आकडा मिळाला. माझदाने त्याला हरकत घेतली, पण १९७३च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखले आणि पंपावर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हरकतीचे पत्र वाचण्यात रस नव्हता. विक्री कोसळली, सुमितोमो बँकेला कंपनी सावरण्यासाठी पुढे यावे लागले. फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीच्या नशिबी तर याहून वाईट आले. तिची रोटरी जीएस बिरोटोर नेमकी त्याच वर्षी निघाली, ८४७ गाड्या बनल्या आणि पुढे कंपनीने त्यांतल्या बऱ्याच परत विकत घेऊन मोडीत काढल्या. जनरल मोटर्सनेही आपले रोटरीचे काम गुंडाळले.

माझदाने मात्र इंजिन सोडले नाही. 'फिनिक्स' नावाची मोहीम काढून इंधनखर्चात ४० टक्के सुधारणा करण्याचे लक्ष्य ठेवले, आणि त्या कामातून १९७८ची पहिली आरएक्स-७ आली. या इंजिनाविषयी मला जो आदर वाटतो तो या पाच वर्षांमुळे. तोपर्यंत कुटुंबाच्या गाडीत, अगदी पिकअपमध्येही रोटरी बसवणाऱ्या कंपनीने ते इंजिन मुख्यतः एका हलक्या, दोन दारांच्या गाडीपुरते आणले, जिथे त्याचा लहान आकार आणि सहज फिरणे यांची किंमत ग्राहक आनंदाने देईल. ती निवड अचूक ठरली.

प्रश्न : लेस्टरमध्ये माझ्याकडे आठ वर्षांपासून २३१ पीएसची (अश्वशक्तीची) आरएक्स-८ आहे. पूर्वी गॅलनला २२ मैल मिळत, आता वर्षभरात १७ वर आली. माझे चालवणे बदललेले नाही. कुठून सुरुवात करू?
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : ब्रिटनचा गॅलन मोठा, ४.५५ लिटरचा, आणि अमेरिकेचा ३.७९ लिटरचा, हे येथील वाचकांनी लक्षात घ्यावे. आपले २२ मैल म्हणजे लिटरला ७.८ किलोमीटर आणि १७ म्हणजे अवघे सहा. युरोपच्या अधिकृत चाचणीत या गाडीला १०० किलोमीटरमागे ११.४ लिटर लागतात, म्हणजे ८.८ किलोमीटर प्रतिलिटर. तेव्हा आपले पूर्वीचे ॲव्हरेज अगदी योग्य होते आणि आताची घसरण दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

पहिल्यांदा मोजणी पक्की करावी. टाकी नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरावी, ओडोमीटरची नोंद घ्यावी, टाकी बरीचशी रिकामी झाल्यावर त्याच पंपावर तशीच भरावी, आणि असे लागोपाठ तीन-चार टाक्या करावे. एका टाकीवरून काढलेल्या आकड्यावर कोणताही निष्कर्ष काढू नये.

आकडा तरीही १७च राहिला तर सर्वांत आधी प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या इग्निशन कॉइल पाहाव्यात. या गाडीत त्या चार असतात आणि इतर गाड्यांच्या मानाने लवकर कमजोर होतात. कॉइल पुरती मरेपर्यंत डॅशबोर्डवर दिवा लागेलच असे नाही. तोवर ठिणगी फिकी पडत जाते, पेट्रोल न जळता कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते, तेथे पेटून त्याला आतून वितळवते, आणि तुंबलेल्या कन्व्हर्टरमुळे ॲव्हरेज आणखी खाली येते. म्हणून कॉइल, प्लग आणि वायर एकत्र बदलून मगच कन्व्हर्टर तपासावा. जुन्या कॉइलवर नवा कन्व्हर्टर बसवणे म्हणजे दोनदा खर्च करणे.

यानेही फरक पडला नाही, विशेषतः इंजिन गरम असताना स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागत असेल, तर कॉम्प्रेशन घसरले असण्याची शक्यता मोठी आहे. ही चाचणी रोटरीसाठी बनवलेल्या उपकरणानेच करून घ्यावी. साधा गेज रोटरच्या तीन बाजूंपैकी सर्वांत चांगल्या बाजूचाच दाब दाखवतो आणि खराब बाजू लपून राहते. २५० आरपीएमला ८३० किलोपास्कल हे निरोगी इंजिनाचे माप आणि ६८० ही किमान मर्यादा मानतात. एकाच रोटरच्या बाजूंमध्ये १५० हून अधिक फरक असता कामा नये. आकडे त्याखाली असतील तर ॲव्हरेजची चर्चा तेथेच संपते आणि इंजिन उघडायचे की नाही, हा प्रश्न उरतो.

पेट्रोलबरोबर ऑईलचाही हिशेब ठेवावा. दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक पाहण्याची सवय असावी, आणि पातळी खाली जाते म्हणून घाबरू नये. अजिबात खाली जात नसेल तरच ऑईल पुरवणारा पंप तपासून घ्यावा.

प्रश्न : माझ्या टर्बोच्या आरएक्स-७ मध्ये ईसीयूच्या (इंजिनाच्या संगणकाच्या) ट्यूनिंगने मिश्रण पातळ करून ॲव्हरेज वाढवता येईल का?
— एक वाचक, मेलबर्न

उत्तर : बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, चढलेला असताना मुळीच करू नये. त्या वेळी मिश्रण दाट ठेवलेले असते ते कक्ष थंड राहावा आणि नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी स्फोट) होऊ नये म्हणून. नॉकिंगचा एकच जोराचा फटका एपेक्स सील तोडायला पुरतो आणि तुटलेला तुकडा हाउसिंग व टर्बो दोन्ही घेऊन जातो. संथ, बूस्टविना चालण्याच्या टप्प्यात जाणकार ट्यूनर थोडी सुधारणा करू शकतो. त्यापलीकडचे ॲव्हरेज आपल्या उजव्या पायावरच अवलंबून आहे.

प्रश्न : रोटरी एवढी खादाड, तर २४ तासांच्या ले मान्स शर्यतीत ती जिंकली कशी?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : १९९१ मध्ये ५५ क्रमांकाच्या माझदा ७८७बी ने फोल्कर वाइडलर, जॉनी हर्बर्ट आणि बर्ट्रांड गाशो यांच्या हाती ती शर्यत जिंकली, आणि त्या वर्गाच्या नियमांत इंधनावर मर्यादा होती : संपूर्ण शर्यतीसाठी २,५५० लिटर. गाडीने ३६२ फेऱ्यांत ४,९२२ किलोमीटर कापले. म्हणजे शर्यतीच्या वेगात तिला लिटरला किमान १.९ किलोमीटर मिळाले, आणि याच मर्यादेत बसण्यासाठी मोठ्या व्ही-१२ इंजिनांच्या जॅग्वारना आपला वेग आवरावा लागला.

यात विसंगती नाही. रोटरीची कमजोरी कमी वेग आणि हलका भार यांत आहे. सतत चढ्या आरपीएमवर, पूर्ण भाराखाली दाब निसटायला आणि उष्णता भिंतीत जायला वेळच कमी मिळतो. शिवाय त्या चार रोटरांच्या इंजिनात प्रत्येक रोटरला तीन प्लग होते आणि हवा आत घेणाऱ्या नळ्यांची लांबी वेगानुसार बदलत असे. नियमांनुसार माझदाला ८३० किलो वजनाची मुभा मिळाली होती, तर जॅग्वार १,००० किलोची होती. तोही वाटा मान्य करायला हवा. रस्त्यावरच्या गाडीचा मालक मात्र बराचसा वेळ नेमका त्या टप्प्यात काढतो जो या इंजिनाला सोसत नाही.

प्रश्न : परदेशातून जुनी आरएक्स-८ भारतात आणता येईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सर्वसाधारण नियमानुसार तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी आयात करता येत नाही, आणि आरएक्स-८चे उत्पादन २०१२ मध्येच थांबले. त्यामुळे हा विचार सोडून द्यावा.

प्रश्न : माझदाच्या नव्या एमएक्स-३० मध्ये पुन्हा रोटरी आली आणि तिचा अधिकृत खर्च १०० किलोमीटरला एक लिटर एवढाच आहे, असे वाचले. मग हा दोष अखेर दूर झाला म्हणायचे का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : तो एक लिटर वाचून कोणी फसू नये, असे मला कळकळीने वाटते. २०२३ मध्ये आलेल्या या गाडीत ८३० सीसीचा एकच रोटर आहे आणि तो चाकांना जोडलेलाच नाही. तो फक्त जनरेटर फिरवतो आणि गाडी विजेवर चालते. सोबत १७.८ किलोवॅट-तासांची बॅटरी आहे, जी अधिकृत चाचणीत ८५ किलोमीटर जाते. एक लिटरचा आकडा बराचसा प्रवास घरी चार्ज केलेल्या विजेवर होतो असे गृहीत धरून काढलेला आहे, तेव्हा तो इंजिनाचा गुण म्हणून वाचता येत नाही.

तरीही माझदाची ही योजना शहाणपणाची आहे. जनरेटरला आयडलवर रांगावे लागत नाही आणि त्याला सोयीच्या आरपीएमवर चालवता येते. पेट्रोल थेट कक्षात फवारल्याने भिंतीवर साचणारा आणि न जळणारा भागही कमी होतो. लांबट कक्षाची उष्णतेची गळती मात्र याने बुजत नाही, कारण ती आकारातच आहे. आयकॉनिक एसपी हा स्पोर्ट्स कारचा नमुना माझदाने त्याच वर्षी टोकियोत मांडला आणि त्यातही रोटरी जनरेटरच योजला आहे. पुढे तशी गाडी विक्रीला आली, तर जाहिरातीतला एकत्रित आकडा बाजूला ठेवून, बॅटरी उतरल्यावर महामार्गावर लिटरला किती किलोमीटर मिळतात, एवढेच आधी विचारावे.